स्नायूंची रक्तातील साक्ष : सायकल-व्यायाम आणि ‘इजे’च्या निदर्शकांचा इतिहास

शरीराने श्रम केले म्हणजे त्या श्रमाची खूण रक्तात उमटते, ही कल्पना आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही एक इतिहास आहे याचे विस्मरण होते. रुग्णालयातील रक्ततपासणीच्या कागदावर ‘सीपीके’ असे एक नाव व त्यापुढे एक आकडा छापलेला असतो. तो आकडा ठराविक मर्यादेच्या वर गेला की ‘स्नायूंना इजा झाली’ असे वाक्य सहज उच्चारले जाते. हे वाक्य कोणत्या पुराव्यावर उभे आहे, ‘इजा’ हा शब्द त्यात केव्हा व कसा शिरला, आणि तो तेथे कितपत शोभतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय शरीरक्रियाविज्ञानाचा असला तरी त्यातील वाद पुष्कळ अंशी शब्दार्थाचा आहे, म्हणून भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घातल्यास ते अगदीच अस्थानी ठरू नये. ह्या इतिहासात सायकल ह्या साध्या वाहनाचा वाटा अनपेक्षितपणे मोठा आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

आरंभी शब्दांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नऊशे स्नायू आणि पाचशे पेशी सांगितल्या आहेत. तेथे ‘पेशी’ म्हणजे मांसाचा गोळा आणि ‘स्नायू’ म्हणजे सांधे बांधून धरणारे चिवट बंध होत. मराठीने पुढे ‘स्नायू’ हा शब्द मांसाच्या गोळ्याकडे नेला आणि मोकळी झालेली ‘पेशी’ जीवशास्त्रातील सूक्ष्म घटकाला देऊन टाकली. हिंदीने ‘मांसपेशी’ जपली व सूक्ष्म घटकासाठी ‘कोशिका’ घेतली, तर बंगालीत ‘स्नायू’ मज्जातंतूंकडे गेला. एकाच संस्कृत शब्दाने तीन शेजारी भाषांत तीन वेगळे अवयव दाखवावेत, ही घटना गमतीची खरी; परंतु भाषांतरित वैद्यक वाचणाऱ्यास ती चांगलीच घोटाळ्यात टाकते. युरोपीय भाषांतील प्रकार याहून मौजेचा आहे. लॅटिनमध्ये स्नायूला ‘मुस्कुलुस’, म्हणजे ‘लहानसा उंदीर’ असे म्हणत. ग्रीकमध्येही ‘मूस्’ ह्या एकाच शब्दाचे उंदीर आणि स्नायू असे दोन अर्थ आहेत, आणि आपला ‘मूषक’ ह्याच कुळातला. कातडीखाली हलणारा दंड पाहून प्राचीनांना उंदराची आठवण झाली असावी. मायोसिन, मायोग्लोबिन ह्या आजच्या प्रतिष्ठित नावांच्या पोटात तोच उंदीर दडून बसला आहे.

स्नायूतील द्रव्यांचा शोध ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातली. १८३२ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ शव्रल याने मांसाच्या अर्कातून एक स्फटिकमय पदार्थ वेगळा काढला आणि ‘मांस’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला क्रिएटीन हे नाव दिले. पुढे १८४७ मध्ये लीबिग या जर्मन रसायनज्ञाने तो पदार्थ सस्तन प्राण्यांच्या मांसात नेहमीच असतो हे दाखविले. त्याच वेळी त्याने एक निरीक्षण नोंदविले : शिकारीत पाठलाग होऊन मेलेल्या रानकोल्ह्यांच्या मांसात पिंजऱ्यात वाढलेल्या कोल्ह्यांपेक्षा क्रिएटीन सुमारे दसपट निघाले. श्रम आणि मांसातील रासायनिक द्रव्य यांचा संबंध जोडणारे हे प्रारंभीचे एक विधान होय. मात्र लीबिगला त्यासाठी कोल्हा मारावा लागला. जिवंत माणसाच्या स्नायूत काय चालले आहे हे बाहेरून कसे कळावे, हा प्रश्न त्यानंतर शंभर वर्षे तसाच राहिला.

त्या प्रश्नाच्या उत्तराचा पाया १९२७ मध्ये घातला गेला. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एगलटन दांपत्याने आणि हार्वर्डमध्ये फिस्के व सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे स्नायूतील फॉस्फोक्रिएटीन शोधून काढले. यांपैकी यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातील भीमावरमचे. त्यांच्या वाट्याला जी उपेक्षा आली तिची चर्चा येथे अप्रस्तुत आहे; पण स्नायूच्या ऊर्जेच्या इतिहासात एका भारतीयाचे नाव इतक्या पायाशी कोरलेले आहे हे नमूद केल्यावाचून राहवत नाही. १९३४ मध्ये लोमान याने फॉस्फोक्रिएटीन आणि एटीपी यांच्यातील देवघेवीची प्रक्रिया दाखवून दिली. ही देवघेव ज्या विकराच्या द्वारे चालते तेच क्रिएटीन कायनेज. त्याला पूर्वी क्रिएटीन फॉस्फोकायनेज म्हणत. शास्त्राने नाव आखूड केले, परंतु आपल्याकडील तपासणीच्या कागदांवर ‘सीपीके’ हे जुने आद्याक्षरी नाव अद्याप टिकून आहे.

आता दुखण्याकडे वळू. नव्याने तालमीत गेलेल्या मुलाच्या मांड्या दुसऱ्या दिवशी भरून येतात, गड चढून उतरलेल्या माणसास तिसऱ्या दिवशीही जिना उतरवत नाही, हा अनुभव कोणाला नाही? मराठीत यास ‘अंग आंबणे’ म्हणतात. हा वाक्प्रचार किती जुना आहे हे ठरविणे कठीण आहे. तथापि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शास्त्राने नेमकी हीच उपपत्ती पुढे केली होती, हे विलक्षण होय. १९०७ मध्ये फ्लेचर व हॉपकिन्स यांनी बेडकाच्या थकलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साचते असे सिद्ध केले. तेव्हापासून श्रमानंतरचे दुखणे म्हणजे आम्लाचा साठा, म्हणजेच अक्षरशः आंबणे, ही समजूत सर्वत्र पसरली. दूध आंबते तसे अंग आंबते, असे साम्य मनात बसल्यावर ते निघता निघेना. व्यायामशाळांतून ते आजही ऐकू येते.

परंतु या समजुतीला छेद देणारे निरीक्षण तिच्या जन्माआधीच झालेले होते. थिओडोर हफ या अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिकाने १९०२ मध्ये बोटाच्या स्नायूंवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यासाठी त्याने वापरलेले एर्गोग्राफ हे श्रमलेखक यंत्र इटलीतील मोस्सो याच्या कल्पनेतून आलेले होते. हफने दुखण्याचे दोन प्रकार वेगळे केले : एक श्रमाच्या ऐन वेळी होणारे व विसाव्याने ओसरणारे, दुसरे काही तासांनी सुरू होऊन पुढचे दोन-तीन दिवस राहणारे. हे दुसरे दुखणे थकव्याच्या प्रमाणात नसते. ते स्नायूच्या आत कोठेतरी झालेल्या फाटण्यामुळे असावे, असा तर्क त्याने मांडला. ‘इजा’ या कल्पनेचा उगम येथे आहे. हा तर्क अचूक निघाला असे आज म्हणता येते, पण तो सिद्ध करण्यास हफजवळ साधन नव्हते. स्नायू कापून पाहणे शक्य नव्हते, आणि रक्तात काय शोधावे हे ठाऊक नव्हते.

साधन दोन दिशांनी आले. त्यांपैकी पहिले म्हणजे सायकल. श्रमाचे मोजमाप करावयाचे तर श्रम मोजता येण्याजोगा असावा लागतो. माणूस धावला किंवा ओझे घेऊन चढला तर त्याने किती कार्य केले हे नेमके सांगणे अवघड जाते, कारण शरीराचा भार सतत वरखाली होत असतो. खोगिरावर बसलेल्या माणसाचा भार खोगीर पेलते, पाय ठरीव वर्तुळात फिरतात आणि चाकाला लावलेल्या रोधावरून कार्याचा हिशेब थेट निघतो. १९१३ मध्ये बॉस्टन येथील बेनेडिक्ट व कॅथकार्ट यांनी एका व्यावसायिक सायकलपटूवर केलेल्या प्रयोगांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी कोपनहेगनमधील क्रोग याने आपल्या श्रममापक सायकलीचे वर्णन छापले. १९५४ मध्ये स्वीडनच्या फॉन डोबेलन याने पट्ट्याच्या घर्षणावर चालणारी सुटसुटीत सायकल तयार केली, आणि पुढे ती जगभरच्या प्रयोगशाळांत पोचली. जागच्या जागी उभ्या असलेल्या ह्या सायकलीने माणसाच्या श्रमाविषयी जेवढे ज्ञान दिले, तेवढे रस्त्यावर धावणाऱ्या एकाही सायकलीने दिलेले नाही.

दुसरे साधन युद्धातून आले. १९४० च्या उत्तरार्धात लंडनवर बाँबवर्षाव सुरू झाला. ढिगाऱ्याखाली हातपाय चेंगरून कित्येक तास अडकलेली माणसे जिवंत बाहेर काढली गेली, प्रथम बरी वाटली, आणि काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावली. बायवॉटर्स व बील यांनी १९४१ मध्ये अशा चार रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या रुग्णांच्या लघवीला तपकिरी रंग देणारे द्रव्य म्हणजे चेंगरलेल्या स्नायूंतून सुटलेले मायोग्लोबिन होय, हे लवकरच निश्चित झाले. स्नायू फुटला की त्यातील द्रव्य रक्तात उतरते आणि तेथून मूत्रपिंडाकडे जाते, ही गोष्ट येथे प्रथमच एवढ्या दारुण स्पष्टतेने जगापुढे आली.

त्याच सुमारास रक्तरसातील विकरे मोजण्याची विद्या आकारास येत होती. १९४३ मध्ये वारबुर्ग व ख्रिस्तियान यांनी गाठ झालेल्या उंदरांच्या रक्तरसात आल्डोलेजसारखी विकरे वाढलेली पाहिली (पुन्हा उंदीरच!). १९४९ मध्ये सिब्ली व लेनिंजर यांनी हेच विकर माणसाच्या रक्तरसात मोजले. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रुब्लेव्स्की आणि कार्मेन यांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर ट्रान्सअमिनेज वाढते असे दाखविले, आणि १९५९ मध्ये टोकियोच्या एबाशी यांनी स्नायू क्षीण होत जाण्याच्या आनुवंशिक विकारात क्रिएटीन कायनेज वाढलेले असते हे सिद्ध केले. या सर्व शोधांत एक समान अनुमान गृहीत आहे : विकराचे घर पेशीच्या आत आहे, ते रक्तात सापडले तर पेशीची भिंत भंगली. रोगाच्या बाबतीत हे अनुमान बहुधा खरे ठरले. पण निरोगी माणसाने व्यायाम केल्यावरही हीच विकरे रक्तात वाढू लागली, तेव्हा रोगासाठी घडविलेला शब्द व्यायामालाही चिकटला. माझ्या मते पुढील बहुतेक गोंधळाचे मूळ या एका शब्दस्थलांतरात आहे.

ह्या इतिहासातील सर्वांत चित्तवेधक प्रयोग १९५२ चा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून उभ्या केल्या व एका साखळीने जोडल्या. एकाने पायटे पुढच्या दिशेने मारावयाचे. त्यामुळे दुसऱ्याचे पायटे उलट फिरू लागतात, आणि त्याने ते अडविण्याचा प्रयत्न करावयाचा. दोघांच्या पायांवरील जोर सारखाच, वेगही सारखाच. भेद एवढाच की पहिल्याचे स्नायू जोर लावताना आखूड होतात, दुसऱ्याचे जोर लावत असतानाच ओढले जाऊन लांब होतात. पहिल्याचे धन कार्य, दुसऱ्याचे ऋण कार्य. प्राणवायूचा खर्च मोजला तेव्हा धन कार्याला ऋण कार्याच्या सुमारे अडीचपट, आणि वेग वाढविल्यावर पाचपटीपर्यंत प्राणवायू लागतो असे आढळले. ह्या यंत्राचे प्रात्यक्षिक जमलेल्या मंडळींपुढे झाले तेव्हा अंगाने लहानशी असलेली स्त्री धडधाकट पुरुषाला सहज दमविते हे पाहून सर्वांची करमणूक झाली, अशी आठवण आर्चिबाल्ड हिल यांनी पुढे सांगितली आहे.

अडविणारी व्यक्ती दमत नाही हे खरे, परंतु तिचे पाय दुसऱ्या दिवशी काय म्हणतात? गड चढताना दम लागतो, उतरताना लागत नाही. तरीही मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे. कोपनहेगनच्या आस्मुसेन याने १९५६ मध्ये प्रयोगाने हेच दाखविले की नंतरचे दुखणे प्रामुख्याने ऋण कार्याच्या मागून येते. १९८३ हे वर्ष तर ह्या विषयाचे पर्वणीचे वर्ष म्हणावे लागेल. श्वेन व सहकाऱ्यांनी सपाटीवर व उतारावर धावणाऱ्यांची तुलना केली. सपाटीवर लॅक्टिक आम्ल वाढले पण पुढे दुखले नाही. उतारावर आम्ल वाढले नाही आणि दुखले मात्र पुष्कळ. ‘आंबण्या’ची उपपत्ती येथे संपली. इंग्लंडमध्ये न्यूहॅम व सहकाऱ्यांनी एका पायाने चढावयाचे व दुसऱ्याने उतरावयाचे अशा पायरीच्या व्यायामानंतर क्रिएटीन कायनेज कित्येक दिवसांनी प्रचंड वाढते असे नोंदविले. स्वीडनमधील फ्रिडेन, शोस्ट्रॉम आणि एकब्लॉम यांनी उलट फिरणाऱ्या सायकलीवर व्यायाम केलेल्या माणसांच्या मांडीतील स्नायूचे बारीक तुकडे काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तंतूंतील आडव्या पट्टिका वेड्यावाकड्या झालेल्या, कोठे पसरलेल्या, कोठे तुटलेल्या आढळल्या. हा विस्कोट व्यायामानंतर एका तासापेक्षा तिसऱ्या दिवशी अधिक होता आणि सहाव्या दिवशी बराच निवळला होता. हफने ऐंशी वर्षांपूर्वी कल्पिलेले फाटणे अखेर दृष्टीस पडले, तेही सायकलीच्याच साहाय्याने.

असे का घडते याचे उत्तर थोडक्यात असे. ऋण कार्यात तेवढाच जोर देण्यास कमी तंतू कामास लागतात, त्यामुळे प्रत्येक तंतूवर अधिक ताण येतो. त्यातही दुबळे खंड आधी ताणले जाऊन हद्दीबाहेर जातात. मग पटलाला भेगा पडतात, कॅल्शियम आत शिरते, आणि आतील विकरे बाहेर झिरपतात. नेहमीच्या सायकल-व्यायामात मांडीचे स्नायू जवळजवळ सर्व काळ आखूड होतच काम करतात. धावण्यात पाऊल टेकताच ते ताणले जातात तसे येथे होत नाही. म्हणूनच दीर्घ सायकल-शर्यतीनंतर रक्तातील क्रिएटीन कायनेज वाढते, पण मॅरॅथॉनच्या मानाने ती वाढ सामान्यतः बेताची असते. इन्सब्रुकच्या संशोधकांनी १९९८ मध्ये आल्प्समधील लांब पल्ल्याची धाव व सायकल-शर्यत यांची तुलना केली. मायोसिनचे तुकडे, म्हणजे तंतूच्या बांधणीतीलच द्रव्य, धावपटूंच्या रक्तात वाढलेले दिसले; सायकलपटूंच्या रक्तात विकरे वाढली तरी हे तुकडे वाढले नाहीत. घराच्या खिडकीतून धूर येणे आणि घराची तुळई रस्त्यावर येऊन पडणे, यांतील हा फरक आहे.

धुराचा दृष्टांत आला म्हणून न्यायशास्त्राची आठवण करून देतो. पर्वतावर धूर दिसला, म्हणून तेथे अग्नी आहे, ह्या अनुमानात धूर हे ‘लिंग’ होय. आजच्या वैद्यकातील ‘निदर्शक’ हा शब्द नेमका ह्याच अर्थाचा आहे. लिंग निर्दोष ठरण्यास व्याप्ती हवी : जेथे जेथे धूर, तेथे तेथे अग्नी. साध्य नसलेल्या ठिकाणीही जे लिंग आढळते त्यास नैयायिक ‘अनैकांतिक’ म्हणतात, आणि त्याची गणना हेत्वाभासांत करतात. क्रिएटीन कायनेज ‘पटलातून द्रव्य झिरपले’ या साध्याचे बऱ्यापैकी निर्दोष लिंग आहे. ‘स्नायू फाटला’ या साध्याचे ते अनैकांतिक लिंग आहे, आणि ‘किती फाटला’ याचे तर मुळीच नव्हे.

हे म्हणणे केवळ तर्काचे नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील प्रिसिला क्लार्कसन यांच्या प्रयोगांत एकच ऋण व्यायाम केलेल्या निरोगी माणसांपैकी कोणाचे क्रिएटीन कायनेज किंचित वाढले, तर कोणाचे हजारोंच्या घरात गेले. दुखणे आणि आकडा यांचाही मेळ बसत नाही. दुखणे ओसरू लागल्यावर आकडा चढतो असेही घडते. स्त्रियांतील पातळी सामान्यतः पुरुषांपेक्षा कमी असते. तोच व्यायाम दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा केला तर वाढ अगदीच थोडी होते. वॉरन, लो व आर्मस्ट्राँग यांनी १९९९ मध्ये सर्व मापनपद्धतींचा परामर्श घेऊन असा अभिप्राय दिला की इजेचे सर्वांत विश्वसनीय माप म्हणजे स्नायूच्या जोरात झालेली घट. रक्तातील प्रथिनांवर तेवढी भिस्त ठेवता येत नाही. आकडा काढणे सोपे, जोर मोजणे कटकटीचे, म्हणून आकडाच लोकप्रिय राहिला, असे मला वाटते.

वाटेचाही विचार केला पाहिजे. क्रिएटीन कायनेजचा रेणू मोठा; तो केशवाहिन्यांत थेट शिरू शकत नाही, लसीकावाहिन्यांच्या लांबच्या वळणाने रक्तात येतो. म्हणून त्याचा कळस व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी, आणि न सरावलेल्या हातांच्या ऋण व्यायामानंतर तर चार-पाच दिवसांनीही दिसतो. मायोग्लोबिनचा रेणू लहान. तो काही तासांत येतो व मूत्रपिंडावाटे लवकर निघून जातो. एखाद्याने शर्यत संपताच रक्त काढले, दुसऱ्याने दोन दिवसांनी, आणि दोघांनी एकमेकांचे निष्कर्ष खोटे ठरविले, असे वाद झालेले आहेत. शिवाय घामाने व स्नायूंत पाणी ओढले गेल्याने व्यायामाच्या वेळी रक्तद्रव आटतो. आटलेल्या रक्तात प्रत्येक द्रव्य वाढलेले भासते. डिल व कॉस्टिल यांनी १९७४ मध्ये ही दुरुस्ती करण्याचे सूत्र दिले, तरी ते न लावता काढलेले आकडे आजही छापले जातात.

ह्या सर्वांचा व्यवहाराशी निकटचा संबंध आहे. कसून व्यायाम केलेल्या तरुणाच्या रक्तात ट्रान्सअमिनेज वाढलेले आढळले की यकृताचा रोग शोधला जातो, कारण ते विकर यकृतातही असते. क्रिएटीन कायनेजचा हृदयाशी निगडित प्रकार मॅरॅथॉनपटूंच्या रक्तात वाढलेला पाहून हृदयविकाराची शंका घेतली गेली. ट्रोपोनिनची तपासणी रूढ होईपर्यंत हा पेच सोडविणे जड जाई, आणि दीर्घ श्रमानंतर ट्रोपोनिनही थोडे वाढलेले आढळते. याच्या उलट बाजूचा धोकाही खरा आहे. गेल्या काही दशकांत बंद दालनात गटाने, संगीताच्या तालावर जागच्या सायकली चालविण्याचा जो प्रघात पडला, त्यातून पहिल्याच दिवशी अतिरेक केलेल्या धडधाकट माणसांना तपकिरी लघवी होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागल्याचे वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकांतून वारंवार आले आहेत. त्यांच्या क्रिएटीन कायनेजचा आकडा लिटरमागे हजारो एककांत, क्वचित लाखाच्याही वर असतो. निरोगी विश्रांत माणसात तो साधारणतः २०० च्या आत असतो. बायवॉटर्सने ढिगाऱ्याखालील माणसांत पाहिलेला विकार तोच हा. येथे ‘इजा’ हा शब्द अपुराच पडेल, जास्त होणार नाही. चांगल्या आघातरहित व्यायामातही न सरावलेले स्नायू आणि आवरता न येणारा उत्साह एकत्र आले, तर सायकलीचे निर्धोकपण टिकत नाही.

तेव्हा एकच आकडा एकाच्या बाबतीत निरुपद्रवी झिरप आणि दुसऱ्याच्या बाबतीत मूत्रपिंडावरचे संकट दाखवितो. निर्णय करावयाचा तो लघवीचा रंग, गेलेला जोर, आलेली सूज, व्यायामाचा प्रकार आणि तो करून किती दिवस झाले, यांवरून. मराठी परिभाषेपुरते बोलावयाचे तर ‘स्नायु-इजा-निदर्शक’ ही जी भाषांतरित संज्ञा अलीकडे दिसू लागली आहे तिच्याऐवजी ‘स्नायु-झिरप-निदर्शक’ अशी संज्ञा योजावी असे मी सुचवितो. ती कानाला थोडी ओबडधोबड लागते, पण क्रिएटीन कायनेज जेवढी साक्ष देते तेवढीच ती सांगते. ‘इजा’ हा शब्द सूक्ष्मदर्शकाखाली पट्टिका तुटलेल्या दिसतील किंवा पायातील जोर गेलेला असेल त्या प्रसंगांसाठी राखून ठेवता येईल.